घासलेला डबा

माझ्या नातवाला चहाचे जुने डबे आणि जाहिरातींच्या पत्र्याच्या पाट्या जमवायचा नाद आहे. काल त्यानं अकोल्याच्या भंगारातून एक डबा आणला. झाकण उघडलं आणि गंजात मुरलेल्या चहापत्तीच्या वासानं मी थेट सासरच्या अंगणात जाऊन बसले.

साल अठ्ठावन्न असावं. लग्न होऊन अंजनगावहून अकोल्याला आले, त्याला महिनाही झाला नव्हता. सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. शाबासकीच्या हौसेनं मी चुलीजवळचा काळवंडलेला चहाचा डबा राखेनं घासायला घेतला. त्यावर कप धरलेली एक बाई होती. तिच्या कपाळावरचा तांबडा डाग गंज समजून मी तिथं जास्तच जोर लावला. हळूहळू बाईही गेली. डबा चांदीसारखा निघाला.

सासूबाईंनी तो हातात घेऊन दोनतीनदा फिरवला.

“याच्यावरची बाई कुठी गेली वं?”

“लई गंज होता, आत्याबाई. घासून काढला.”

“बरं केलं,” त्या म्हणाल्या आणि कोरडाच डबा पदरानं पुसत राहिल्या.

रात्री जेवताना यांनी सांगितलं, “माह्या लहान बहिणीनं लावलं होतं ते कुंकू. चित्रातल्या बाईले कुंकू नाही म्हून रोज लावे.” ती पाचव्या वर्षी तापानं गेली होती. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही माफी मागितली नाही. डबाच तर होता, अशी मनाची समजूत घातली.

नातवाच्या डब्यावर तीच बाई आहे, कपाळ कोरं. “आजी, पाहा ना,” तो कौतुकानं सांगतो, “एक डागही नाही.”