उत्तराची ओळ

आमच्या घोडनदीच्या चर्चमध्ये पक्ष आणले ते अमेरिकन मिशनरी साहेबांनी, आणि तेही बिचाऱ्यांच्या मनात नसताना. आपल्याकडं नुकत्याच निवडणुका सुरू झाल्या होत्या, म्हणून शनिवारी संध्याकाळी ते पडद्यावर चित्रं दाखवून त्यांच्या देशाचं सांगायचे. तिथल्या राज्यघटनेत म्हणे पक्षांचं नावसुद्धा नव्हतं. पहिल्या अध्यक्षानं जाता जाता बजावलंही होतं, तट पाडू नका. पण त्याच्याच मंत्र्यांत तट पडले, तटांचे पक्ष झाले, आणि पुढं पक्षांशिवाय पान हलेना. सभागृहात मधोमध वाट, एक पक्ष अलीकडं, एक पलीकडं. सत्तेवरच्यांना मोकाट सोडायचं नाही, हे विरोधकांचं काम. आमच्या लोकांना एवढंच नेमकं कळलं.

चर्चचं छप्पर तेव्हा बदलायचं होतं. माझे वडील, म्हणजे आप्पा, पत्र्याच्या बाजूचे. आईचा सख्खा भाऊ, माझा मामा, कौलांच्या. चर्चच्या पंचांच्या निवडणुकीत आप्पांचा पक्ष जिंकला आणि पुढच्या रविवारी मामाचा पक्ष वाटेपलीकडं जाऊन बसला. तुम्हाला हसू येईल. मला अजून येत नाही.

गीत दोन बाजूंनी म्हणायची आमची रीत. एका बाजूनं ओळ म्हणायची, दुसरीनं उत्तराची. आप्पांच्या बाजूनं ओळ म्हटली, तर पलीकडच्यांनी विरोध म्हणून तोंडं मिटली. आप्पाही असे हट्टी, की दुसऱ्याची ओळ आपण म्हणायची नाही. तेवढा वेळ गप्प थांबायचं, मग आपली पुढची ओळ. त्या थांबण्यात वर आढ्याशी काहीतरी पुटपुटल्याचा भास व्हायचा. पारवे असतील, असं मी मनाला समजवायचे, पण आढ्याला पारवे नव्हते. महिनोनमहिने हेच चाललं.

मग आईनं अंथरूण धरलं. दादाला बोलवा, एकदा गीत पुरतं ऐकू द्या, एवढंच तिचं मागणं. मी मामाकडं गेले. पक्ष सोडून एकट्यानं कसं यायचं, माणसं काय म्हणतील, म्हणाला. असला संताप आला म्हणून सांगू! बहीण मरतेय आणि ह्यांना पक्ष सुचतोय.

टळटळीत दुपारी आप्पांची माणसं खाटेभोवती जमली. त्यांनी ओळ म्हटली आणि सगळे थांबले. त्या थांबण्यातही आईची बोटं गोधडीवर ताल धरत होती, ओठ हलत होते. दुसऱ्या ओळीनंतर तेच. मी वाकून विचारलं, काय होतंय?

"म्हनत्यात की ते," आई म्हणाली. "किती ग्वाड म्हनत्यात. गप ऐक."

आप्पांनी दाराकडं बघितलं. बाहेर नुसतं पांढरं ऊन होतं. गीत संपलं तेव्हा आई गेलेली होती.

दिवस कलायच्या आत मामा आला, सगळ्या माणसांना घेऊन. मी मुद्दाम, त्याला लागावं म्हणून, झालेलं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"पोरी, त्यात माझा आवाज हुता का?"

"तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही, मामा."

तो तिच्या उशाशी जाऊन बसला आणि त्यानं उत्तराची ओळ धरली. मग पुढच्या ओळीसाठी थांबला. ती द्यायची होती आप्पांनी. आप्पांचे ओठ हलत होते, पण आवाज काही फुटला नाही.