गाळलेली ओळ

शिलाईच्या दुकानामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. गिटार त्यांनी उतारवयात हातात घेतली, तीही बायकोच्या हौसेखातर. ती लायब्ररीतून निवृत्त होत होती आणि निरोपाच्या कार्यक्रमात तिनं गायचं, यांनी साथ करायची, असं ठरलं होतं.

गाण्यात एका ओळीला बार कॉर्ड होती. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं. मास्तरांनी धरलं की तारा वाजायच्याऐवजी नुसत्या ठकठकायच्या, आणि नेमक्या त्याच ओळीला बायकोचा सूर घसरायचा.

“माझाच सूर पडतो इथे,” ती म्हणाली. “गळ्याचं वय झालं.”

मास्तरांनी उगाच एक खुंटी पिळली. “होईल सवयीनं,” ते म्हणाले.

बोलून गेले आणि मनातून ओशाळले. ती बिचारी भांडी घासतानाही तीच ओळ घोटत राहायची. हे आपले दुकानात मशीनवर मान खाली घालून बसायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सून दुकानात आली, तेव्हा मास्तर गिटार घेऊन ती कॉर्ड धरून बघत होते. तिला थोडीफार गिटार यायची. त्यांची पकड बघून ती हसली.

“बाबा, कापड कात्रीखालून पळेल म्हणून धरता, तसं धरलंय हे. अंगठ्यानं आवळू नका. बोट जरा कुशीवर वळवा, आणि जोर बोटाचा नको, हाताचं वजन मागे सोडा.”

सहाही तारा वाजल्या.

“आईंना सांगा आता,” ती म्हणाली. “त्या स्वतःलाच बोल लावतायत.”

मास्तरांनी मान डोलावली, सांगितलं मात्र नाही. उद्या कॉर्ड नीट वाजली की आपोआप झाकलं जाईल, असं त्यांना वाटलं.

कार्यक्रमात ती ओळ आली. बोट कुशीवर वळलं, कॉर्ड खणखणीत वाजली. पण गाणारं कोणी नव्हतं. बायको ओठ मिटून लोकांकडे बघत हसत उभी होती. नवऱ्याची साथ आपल्यामुळे बिघडू नये म्हणून ती ओळच तिनं गाळली होती.

मास्तरांचा हात थांबला.

“हिचा सूर पडत नव्हता,” ते गिटारकडे बघत म्हणाले. “माझं बोट चुकायचं. मला ठाऊक होतं.”

कोणीतरी खाकरलं. बायकोचं हसू मावळलं.

“घरी बोलू,” ती हळूच म्हणाली. “आता धरा ती कॉर्ड पुन्हा.”

त्यांनी धरली. तिचा सूर चोख लागला, पण ती अख्खी ओळ तिनं खिडकीकडे बघत म्हटली.