खर्जाची खुर्ची

फिटरचं उभं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं. दिवसा नळ जोडायचे, संध्याकाळी कामगारांच्या बँडमध्ये खर्जाचा मोठा बाजा वाजवायचा. तो निवृत्त झाला आणि बँडही बंद पडला. मेहुणा शहरातल्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. तिथे खर्जाची खुर्ची रिकामी होती, म्हणून मेहुणा फिटरला घेऊन गेला.

सुरांचा कागद समोर आला आणि फिटरचं तोंड उतरलं. पाच रेघा त्याच, पण आरंभीची खूण जुन्या बँडपेक्षा वेगळी. ती खूण बदलली की त्याच रेघेवरचा सूर बदलतो.

बँड चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रविवारपर्यंत वाचता आलं तर खुर्ची तुमची. नाहीतर दुसरा माणूस बघते."

घरी मेहुण्याने तोड काढली. "भाऊजी, खूण जुनीच आहे असं समजा. फक्त ओळीच्या सुरुवातीला कोमलच्या जेवढ्या खुणा असतील, त्या तीनने कमी धरा. तीन नसतील तर जेवढ्या कमी पडतील तेवढ्या तीव्रच्या वाढवा. बाजाच्या कळांवर बोटं आपोआप बरोबर पडतील."

"एवढं सोपं?"

"सोपं म्हणून जोडलेला नळच गळतो ना तुमचा?" बायको आतून म्हणाली.

गळलाच. वाजवताना मधेच एका सुरापुढे शुद्धची खूण आली. फिटरने शुद्ध म्हणून एकही कळ दाबली नाही, आणि सूर अर्ध्या स्वराने खाली लागला.

"तिथे तीव्र घ्यायचा," मेहुणा म्हणाला. "असे तीन सूर आहेत. त्यांच्यापुढे शुद्ध दिसला की तीव्र, कोमल दिसला की शुद्ध. आणा पेन्सिल, कळांचे आकडेच लिहून देतो."

"आणि नवा कागद आला की तुला खिशात घालून नेऊ?" फिटर म्हणाला.

आठवडाभर त्याने ते तीन सूरच घोटले. बायको म्हणाली, "भिंतींनासुद्धा पाठ झालं आता."

रविवारी बाईंनी त्याने कधी न पाहिलेला नवा कागद ठेवला. चौथ्या ओळीत त्या तिघांतल्या एका सुरापुढे शुद्धची खूण आली. फिटर अडखळला, मग दोन कळा दाबल्या. सूर बरोबर लागला, पण उशिरा.

"बँड थांबला असता का तुमच्यासाठी?"

"नाही."

"मग पुन्हा."

दुसऱ्यांदाही किंचित उशीर. तिसऱ्यांदा सूर ठोक्यावर पडला. बाईंनी कागद आवरला.

"बुधवारी सहाला तालीम," त्या म्हणाल्या. "खुर्ची जरा मागे घ्या, ट्रॉम्बोन ओढणाऱ्याचा हात लागतो."

फिटरने खुर्ची मागे घेतली आणि बसला.