माहेरी माणसं मागायला

लग्नानंतर सणावाराशिवाय मला कधी माहेरी धाडलं नव्हतं. त्या वर्षी मात्र धान निसवायला आलेलं, पाण्यावाचून शेतं तडकायला लागलेली, आणि सासूबाई सकाळीच म्हणाल्या, "नवं लुगडं नेस. मायले भेटून ये." मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः गाडी जुंपली. हाकायला माझा नवरा बसला, आणि गावचे पाटीलही गाडीत बसले. मला वाटलं, त्यांचं वाटेत कुठं काम असेल.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं. शेतीला पाणी तलावाचं, आणि तलाव वरच्या गावाच्या हद्दीत. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, होता तोवर पाणी कधी कोणाला सोडायचं हे तो ठरवायचा. मालगुजारी गेली आणि तलाव नेमका कोणाचा, हेच कोणाला कळेना. त्या वर्षी पावसानं लवकर पाठ फिरवली. वरच्या गावानं तलावाचं तोंड माती आणि काटेरी फांद्या टाकून बुजवलं आणि बांधावर पहारा बसवला. आमचं धान लोंबी धरायच्या वेळी उभंच्या उभं पिवळं पडायला लागलं. रोज चावडीत बैठक व्हायची. बांध फोडायचा, हे ठरलं होतं. पण वरचं गाव मोठं आणि आमचं बारकं.

नदीवर बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली. मी गाडीच्या छपराखाली होते. पाटील आणि मामाजी खाली उतरून बोलत होते. त्यांना वाटलं असावं, मी झोपले आहे.

"इवाई नाई म्हणणार नाई ना?" पाटलांनी विचारलं. इवाई म्हणजे व्याही, माझा बा.

"लेक पुढे बसवू," मामाजी म्हणाले. "तिच्या डोळ्यात पाणी आलं का बाप विरघळलाच समजा. त्या गावचे पोट्टे आले का वरचे पळतीन."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. नदीपलीकडचं माझं माहेर काठी-कुऱ्हाडीसाठी पंचक्रोशीत ओळखलं जायचं. ती माणसं मागायला हे चालले होते, आणि तोंडदेखली भेट म्हणून मला गाडीत घातलं होतं. नवरा गाडी हाकत होता. मी त्याला हळूच विचारलं, "तुमाले माहीत होतं?" तो बैलांकडे बघत म्हणाला, "बाबानं ठरवलं. मी काय करू?" त्यानंतर घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

आणखी एक गोष्ट त्या गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती, पण कोणी ती तोंडातून काढत नव्हतं. माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणायचो, वरच्याच गावात दिलेली होती. बांधावर पहाऱ्याला तिचा नवरा उभा असायचा. माहेरची माणसं आमच्या बाजूनं आली असती, तर माझ्या भावाची काठी बाईच्या नवऱ्याच्या टाळक्यात बसली असती.

घरी पोचलो. पाय धुवायला पाणी आलं, मांडवात घोंगडी पडली, कोंबडं कापलं गेलं. मी मागच्या दारानं चुलीपाशी गेले, आणि बघते तर तिथं बाई. मांडीवर लेकरू, डोळे रडून सुजलेले.

"तू कवा आली?" मी विचारलं.

"काल. आमच्या गावचे घेऊन आले." ती हसली, पण ते हसणं पाहून मला भीती वाटली. "मले म्हणे, मायची तब्येत बरी नाई. माय तर धान कुटून राह्यली होती. ते गेले, मले ठेवून गेले. बापाच्या डोळ्यासमोर राह्यली पाह्यजे म्हणे."

माय चुलीत लाकूड सारत होती. ती मान वर न करता बोलली, "दोघींले एकाच कामाले आणलं."

मी बाईला विचारलं, "मग बा काय म्हणला त्यायले?"

"ऐक ना," ती म्हणाली आणि कुडाकडे बोट केलं.

कुडाच्या पलीकडे मांडवात बा बोलत होता. माझा बा गावाचा कारभारी, तोलून बोलणारा. लहानपणापासून मला त्याच्या या बोलण्याचा अभिमान होता. तो म्हणत होता, "आमची लेक तुमच्या घरी. तुमचं पाणी ते आमचं पाणी. तुमच्यावर वेळ आली तर आमी घरात बसून राहू का?"

"काल असंच," बाई कुजबुजली.

मग बा म्हणाला, "पोट्टे येतीन. पण त्यायच्या पोटाचंबी पाहा. पाणी तुमच्या हातात आलं, का तलावातल्या मासोळीत आमचा वाटा राहीन."

पाटील लगेच म्हणाले, "अर्धी तुमची!"

बाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. "काल आमच्यायले म्हणला, आमच्या गावचा एकबी माणूस तुमच्यावर काठी उचलणार नाई. आन त्याच्या बदल्यात अर्धी मासोळी मांगली. तेच मासे, तोच तलाव!"

मला तेव्हा काय झालं ते आजही नीट सांगता येणार नाही. पदर डोक्यावरून खाली आला होता. तो सावरायचंही सुचलं नाही. आमच्या घरातल्या बायका मांडवात पुरुषांसमोर कधी गेल्या नव्हत्या. मी गेले.

"बा," मी म्हटलं, "काल वरच्या गावाले काय कबूल केलं ते यायले सांग."

बाच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच थांबला.

"घरात जाय," तो म्हणाला.

"नाई जात. मले रडवाले आणलं ना इथी? मंग रडण्याआधी मले कळू दे, कोणासाठी रडू."

मामाजी ओरडले, "सुनबाई! लाज हाये का नाई?"

तेवढ्यात बाई लेकरू खांद्यावर टाकून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला बघून आमच्या पाटलांचा चेहराच उतरला. ती इथं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पाटील," ती म्हणाली, "तुमी धाकटीले आणलं, आमच्या गावानं मले आणलं. बा दोघायलेबी हो म्हणला. आता ठरवा, कोणाचा हो खरा."

पाटलांनी बापाकडे पाहिलं. "इवाई, खरं हाये का?"

बानं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "दोन्हीकडं लेकी हायेत माह्या. कोणाले नाई म्हणू? मी कोणाकडंच पोट्टे धाडणार नव्हतो. भांडण आपोआप निवलं असतं."

पुष्कळ लोकांना पुढं ते पटलं. म्हाताऱ्यानं शहाणपणा केला होता, पोरींनी नास केला, असं म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. त्याच्या शब्दावर विसंबून आमची माणसं बांधावर चढली असती, मागं वळून नदीकडे बघत राहिली असती, आणि कोणी आलं नसतं. त्यात माझा नवरा असता. आणि डोकी कोणाचीही फुटली असती, तरी मासोळी बाच्या गावालाच मिळाली असती.

जेवण न करताच आम्ही निघालो. कोंबडं तसंच शिजत राहिलं.

लढाई झाली नाही. नदीपलीकडची माणसं येणार नाहीत म्हटल्यावर पाटलांचा जोर ओसरला. चांद्याच्या जिल्हा कचेरीत अर्ज गेला. साहेब तलाव बघायला आला तेव्हा आमचं धान पोचट झालं होतं. गावानं त्याचा दोष वरच्या गावाला दिला नाही, कचेरीला दिला नाही, मला दिला. विहिरीवर बाया मला ऐकू जाईल अशा बोलायच्या, "हिच्यानंच पाणी गेलं." आणि ज्या बाईमुळं तिच्या नवऱ्याचं डोकं शाबूत राहिलं, तिला त्याच नवऱ्यानं, गावाचा सौदा दुसऱ्या गावासमोर उघडा करून इज्जत घालवली म्हणून मारलं. हे ऐकलं त्या दिवशी मी भाकरी थापायची परात भिंतीवर फेकून मारली. सासूबाईंनी ती उचलून ठेवली.

पुढच्या वर्षी दोन्ही गावांनी पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. तेच पाटील, तेच वरच्या गावचे लोक एका घोंगडीवर बसले आणि एकमेकांच्या शहाणपणाची तारीफ करत उठले. इतकंच करायचं होतं, तर आम्हा दोघींना गाड्यांत घालून कशाला फिरवलं, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं.

नंतर माझ्या भावाचं लग्न ठरलं. मला न्यायला बा स्वतः आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, उपरण्यानं तोंड पुसलं.

"झालं गेलं," तो म्हणाला. "चाल. तुई माय वाट पाहून राह्यली."

"काय झालं, काय गेलं, ते एकदा तुया तोंडानं सांग," मी म्हटलं. "मंग येईन."

त्याला बोलता येत नव्हतं असं नाही, अख्ख्या मुलुखात त्याच्या बोलण्याचं नाव होतं. तो उठला, चपला घातल्या आणि गाडीकडे गेला. बाई लग्नाला गेली. मी गेले नाही.