आंबिलीची फेरी

मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णा मला फाट्यापर्यंत पोचवायला आले नव्हते. वीज आली होती आणि ज्वारीला पाणी द्यायचं होतं. विहिरीजवळूनच हात वर करून ते म्हणाले, "जा की, सोलापूर काय लई लांब हाय का?" आई मात्र एसटी येईपर्यंत उभी राहिली आणि माझ्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा कोंबत राहिली. दादा, तू मस्कतला निघालास तेव्हाही अण्णा विहिरीजवळच होते. सुमे, तुझ्या वरातीची गाडी हैदराबादच्या वाटेला लागली तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं, आणि अण्णा मोटार बंद करायचं निमित्त करून तिकडेच गेले होते. आपल्याला बिनधास्त निघता आलं ते हा माणूस जागचा हलणार नाही म्हणून.

आता तोच माणूस माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. आई गेल्यावर मी त्यांना कुंभारीच्या रस्त्यावरच्या या तिसऱ्या मजल्यावर आणलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी सकाळी भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात जाते, दिवसभर बिलं, ईमेल आणि पार्सलांचं ट्रॅकिंग करते. संध्याकाळी येते तेव्हा अण्णा सकाळी होते तसेच बसलेले असतात. खाली पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांकडे बघून एकदा म्हणाले, "हितं बसून राखायचं तरी काय?" मी हसून वेळ मारून नेली.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारता, गावाकडं काय चाललंय, आणि मी म्हणते, सगळं ठीक. घराची मागची भिंत फुगली आहे, न्हाणीच्या दगडांतून एरंड उगवलाय, आणि किल्ली घेऊन गेलं तरी कुलूप उघडत नाही, तेल सोडावं लागतं. शेत मात्र छान आहे. शिवप्पा वाट्यानं करतो, पण स्वतःचं असल्यासारखं करतो. यंदा ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली होती.

तर मुद्द्याचं. दादा, तू परदेशी गेलास तेव्हा आपला पूर्वेकडचा तुकडा ज्यानं घेतला, तो डाळिंबवाला आता विहिरीसकट उरलेलं सगळंच मागतोय. आपण तिघांनी फोनवर देऊन टाकायचं ठरवलं आणि अण्णांचा होकार मिळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जवळ राहणाऱ्याच्याच वाट्याला असली कामं येतात. मी ठरवलं, वेळा अमावस्येच्या पूजेला त्यांना शेतावर न्यावं, पोटभर जेवू द्यावं आणि मग विषय काढावा.

शिवप्पानं कडब्याची खोप केली होती. आत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, पुढे शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीचं मडकं. त्याची बायको महादेवी कानडीत या, बसा करत म्हणाली, "बर्री अण्णा, कुंद्री," आणि तिनं घोंगडं अंथरलं. अण्णा बसले नाहीत. पूजा झाली. त्यानंतर शेत कसणाऱ्यानं पानांच्या जुडीनं आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची असते. शिवप्पानं मडकं उचललंही होतं. अण्णांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, सहज, घरातल्याच्या हातून घ्यावं तसं. शिवप्पा मागं राहून कानडीतली आरोळी देत चालू लागला. अण्णांची पाठ ताठ झाली होती. किती दिवसांनी मी त्यांना असं चालताना बघत होते.

बाभळीपाशी आपली हद्द आता संपते, तिथं वळायला हवं होतं. अण्णा वळले नाहीत. तारेच्या कुंपणाचं फाटक उघडं होतं, ते सरळ आत शिरले आणि डाळिंबाच्या ओळींमधून, ठिबकच्या नळ्यांवर आंबील शिंपडत चालत राहिले. जुनी, पुरी फेरी. मी हाक मारणार तोच बागेचा राखणदार पुढे आला. नवाच होता तो, त्याचीही काही चूक नव्हती.

"ओ बाबा, कोन पायजे?"

"कोन न्हाय. शेताला फेरी मारायलोय की."

"कुनाच्या?"

अण्णांच्या हातातल्या पानांवरची आंबील त्यांच्या पायावर गळत होती. आई गेली तेव्हा मला जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं त्या क्षणी आलं. शिवप्पानं राखणदाराला कानडीत काहीतरी सांगितलं आणि अण्णांच्या कोपराला हात लावला. बाभळीपाशी आल्यावर अण्णांनी मडकं त्याच्या हातात दिलं. "तू पुरी कर," म्हणाले.

जेवायला बसलो तेव्हा पहिलं ताट अण्णांना मिळालं, कारण ते पाहुणे होते. त्याच जागी ते आयुष्यभर दुसऱ्यांना पहिलं ताट देत आले होते. मी शब्द जुळवत होते. हात धुताना तेच म्हणाले, "इकायचं ठरलंय न्हवं तुमचं? फोन लई मोठ्यानं बोलतीस तू." मी मान खाली घातली. "इकायचीच आसंल तर शिवप्पाला द्या. डाळिंबवाला जास्त दील, ठावं हाय मला. पर ह्यो फेरी तरी मारंल."

मी हो म्हणून आले आहे, तुम्हाला न विचारता. दादा, तू चिडशील आणि सुमी फोनवर गप्प बसेल. चालेल. अण्णांना हे पुन्हा विचारायला मी जाणार नाही.

निघताना महादेवीनं गाडीच्या खिडकीतून भज्जीचा डबा आत दिला आणि म्हणाली, "फुडल्या येळामावसेला या की समदी, लेकरास्नी घिऊन." अण्णा म्हणाले, "व्हय, येतो की." आपल्याच शेतावर यायचं बोलावणं त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. फाटा येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. डबा मात्र घरी येईपर्यंत मांडीवर धरून ठेवला.

दादा, सुमे, हो म्हणा. जमीन शिवप्पाकडं राहिली तर वर्षातून एकदा कुणीतरी आपल्याला बोलावेल. आता तेवढंच गाव उरलंय आपल्याला.