आधी बंदुका मोजा

जेवणाच्या सुट्टीत आबा कॅन्टीनच्या दारात उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाताचा वास घ्यायचे. गोळीतलं शिसं बोटांना लागतं आणि घासाबरोबर पोटात जातं, म्हणून नेमबाजी झाल्यावर हात साबणाने धुवायचे, हा आमच्या रेंजचा नियम. पण नियम सांगून माणसं तो पाळतात, यावर आबांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी दारातून परत पाठवलं. "साहेब, तुमी धुतलं म्हनताय, पन हात तसं म्हनत न्हाईत." न्यायाधीश मुकाट्याने नळाकडे गेले. त्यांना बहुधा साक्षीदार पटला असावा.

कामथडीच्या वरच्या अंगाला, एका जुन्या खाणीत आमची रायफल रेंज आहे. मी तिथली मुख्य प्रशिक्षक. आबा भोंगवलीचे. फौजेत जन्मभर जखमी माणसं सांभाळून निवृत्त झालेले, आणि आमच्याकडे प्रथमोपचाराची लाल पेटी सांभाळणारे. वळकटीसारखा घट्ट माणूस, पांढऱ्या मिशा, खांद्याला कायम एक खाकी पिशवी. त्या पिशवीत काय असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न, "काय खाल्लं?" कुणी 'नाश्ता झाला' म्हणालं तर ते पदार्थ विचारायचे, आणि उत्तराला जरा वेळ लागला की खिशातून चिक्की काढून पुढे करायचे. रिकाम्या पोटी बंदूक धरून चक्कर आलेली माणसं त्यांनी पाहिली होती. दर रविवारी ते चेलाडी फाट्यावरच्या एका टपरीवाल्याला फोन लावायचे. राजगडाला जाणाऱ्या गाड्यांनी फाटा तुंबलाय का, हे विचारायला. जखमी कुणी नाही, गाडी उभीच आहे, आणि हे दवाखान्याचा रस्ता मोकळा आहे का ते बघताहेत. टपरीवाल्याचं तरी खरं मानत असतील असं मला वाटायचं. पण अर्ध्या तासाने ते दुसऱ्या टपरीवाल्याला फोन करायचे.

"जखम आन पाव्हना सारखंच," ते नव्या लोकांना शिकवताना म्हणायचे, "सांगत्यात त्येवढंच खरं नसतं. एक भोक दिसलं की दुसरं हुडकायचं." आणि त्याच्याही आधी त्यांचा एक नियम होता, तो ते पाटीवर लिहायचे: आधी बंदुका मोजा, मग माणूस. रेंजवर कुणी पडलं की सगळे धावतात, आणि मागे टेबलावर भरलेली बंदूक तशीच राहते. म्हणून आधी सगळ्यांचे बोल्ट उघडे करायचे, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा मागे ओढायचा, सातच्या सात बंदुका मोजायच्या आणि मगच पडलेल्याकडे जायचं. वर्गात हे ऐकायला बरं वाटायचं.

आता माझ्याबद्दल. संशय हा काही आबांचा एकट्याचा मक्ता नव्हता. वर्षभर माझ्या लक्षात येत होतं की लाल पेटीतले टुर्निकेट, म्हणजे काडी पिळून रक्त थांबवायचे ते आवळपट्टे, दर महिन्याला दोन-तीन कमी होतात. आबा रविवारी संध्याकाळी एसटीने घरी जायचे आणि मंगळवारी पेटी हलकी झालेली असायची. राजगडाच्या पायथ्याला, पालीला, त्यांच्या भाच्याचं ट्रेकर लोकांसाठी हॉटेल होतं. गडावर जाणाऱ्यांना तिथे आमचे पट्टे विकले जात असणार, हा माझा पक्का कयास. मी गुपचूप पेटी उघडून मोजदाद सुरू केली. तिसऱ्याच दिवशी आबा माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, पेटीला कुनीतरी हात लावतंय. म्या कडीला दोरा बांधला व्हता, त्यो तुटलाय."

"असं?" मी म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय तिथेच राहिला. महिनाअखेर त्यांना कामावरून कमी करायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्याच महिन्यात शुभांगीला गोळी लागली. ती बँकेत नोकरी करणारी, सुट्टीच्या दिवशी येणारी नेमबाज. टार्गेटचे कागद बदलायला ती पुढे गेली असताना इकडे एका नवशिक्याने बंदुकीला हात लावला. शुभांगी मांडी धरून खाली बसली. मी धावणार तोच आबांचा आवाज आला, "जागचं हलायचं न्हाई! बोल्ट उघडा!" आणि हा माणूस टेबलाटेबलापाशी जाऊन मोजायला लागला. एक, दोन, तीन. समोर शुभांगी ओरडत होती. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की तसा पुढे कुणाचा आला नाही. पाचव्या टेबलावरच्या बंदुकीत गोळी निघाली. ती काढून त्यांनी सहा, सात म्हटलं आणि मग त्या वयात जे पळाले, ते आम्हा सगळ्यांच्या आधी पोहोचले.

मी लाल पेटी उघडून पट्टा पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही. खाकी पिशवीत हात घालून दुसरा पट्टा काढला, जखमेच्या वर आवळला आणि शुभांगीच्या किंकाळीकडे लक्ष न देता काडी पिळत राहिले. रक्त थांबलं. मग त्यांनी पँट कापून मांडी मागून चाचपली, दुसरं भोक शोधलं, तेही बांधलं. गाडी लगेच निघाली; फाटा मोकळा असल्याचं त्यांना माहीतच होतं. शुभांगी वाचली, तिचा पायही वाचला.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच. त्यांच्या पिशवीतला तो पट्टा आमचाच होता, त्यावर मीच लावलेलं चिकटपट्टीचं लेबल होतं. म्हणजे चोरी पकडली गेली! दुसऱ्या दिवशी मी गाडी काढून थेट भोंगवली गाठली. त्यांच्या सुनेने मला परड्यात नेलं. तिथे आंब्याच्या एका फांदीला आमचे पट्टे ओळीने आवळलेले होते. बहुतेकांच्या काड्या मोडलेल्या, काहींची शिवण उसवलेली.

आबा बाजेवर बसून आणखी एक पिळत होते. "या मॅडम. ह्यो नवा माल. दोन पिळं सोसतो, तिसऱ्याला काडी मोडती. जो टिकतो त्यो पिशवीत."

"अहो आबा, मग मला सांगायचं नाही का?"

"माल कुनी आनला व्हता?"

"मी."

"मग कुनाला सांगनार?"

मला आधी राग आला आणि मग अशी लाज वाटली की सुनेने दिलेला चहाही धड घेता येईना. मोबाईलवर फोटो बघून मीच ते स्वस्तातले मागवले होते. फोटोत सगळे पट्टे सारखेच दिसतात. मी त्यांना चोर ठरवलं होतं, त्यांनी मला. फरक एवढाच की त्यांनी तपासून बघितलं होतं.

सगळा माल मी परत पाठवला. नवे पट्टे आले की पुढे आम्ही दोघं मिळून त्या फांदीवर तपासायचो. मी पिळायची, ते बघायचे. मी 'ठीक आहे' म्हटलेला पट्टा ते पुन्हा एकदा पिळायचे. मला ते आवडायला लागलं होतं, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात, सराव ऐन रंगात असताना, आबा टेबलांच्या मागे छाती धरून खाली बसले आणि आडवे झाले. शुभांगी तेव्हा पुन्हा यायला लागली होती, ती बंदूक टाकून त्यांच्याकडे निघाली. "जागची हलू नकोस! बोल्ट उघडा!" हे मीच ओरडले होते. आबा दहा पावलांवर पडले होते आणि मी टेबलाटेबलापाशी जाऊन मोजत होते. एक, दोन, तीन. आयुष्यात इतकं लांब अंतर मी चालले नाही. सहाव्या बंदुकीचा बोल्ट बंद होता आणि आत गोळी होती. बंदूक शुभांगीची. तिने तोंडावर हात घेतला.

सातवी मोजून मी धावले. पेटीतली ॲस्पिरिनची गोळी त्यांना चघळायला दिली, शर्टाची बटणं सोडली. कुणीतरी गाडी काढली. आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे उघडे होते. ओठ हलले तेव्हा मी कान जवळ नेला.

"मोजल्या का?"

"मोजल्या, आबा. सात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी चांगली ओळखत होते.

"परत मोजा."

आणि मी उठले. गाडी मागे येत होती तेवढ्यात टेबलांपाशी गेले आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने, रडत, एकापासून सातपर्यंत परत मोजलं. वळून पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते. फाटा त्या दिवशीही मोकळा होता, पण त्याचा उपयोग झाला नाही.