कमरेतली सुई

“मेनिंजायटिस असू शकतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझी मान इतकी आखडलेली की घाबरून नवऱ्याकडे वळूनही पाहता येईना. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला आलेली सूज. इथे आखातात, माहूजच्या आमच्या घरून ताप अंगावर काढत बँकेत जात राहिले, त्याचं हे फळ.

सलाइनमधून औषध लगेच सुरू झालं. पण नेमकं कळायला लम्बर पंक्चर हवं होतं. त्यात कमरेत, दोन मणक्यांच्या मधे सुई घालून थोडं पाणी काढतात. मी साफ नाही म्हटलं. आमच्याकडे बाळंतपणात कमरेत सुई घेतलेल्या सगळ्या मावश्या-काकवा आजतागायत कंबर धरून बसल्या आहेत! डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली, चित्र काढून समजावलं, पुन्हा विचारायला येते म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवर जोसेफिन होती. मूळची कॅमेरूनची, इथल्याच गुदैबिया भागातल्या एका सलूनमध्ये कामाला. तिलाही तीच शंका, तीच सुई आणि तिचंही नाहीच. पण तिच्यासाठी कुणी खुर्ची ओढली नाही. “ये लोग नहीं समझते,” नर्स माझ्या कानाशी पुटपुटली. माझा नकार म्हणजे भीती आणि तिचा म्हणजे अडाणीपणा, हे काही माझ्या पचनी पडेना.

डोकं फुटत होतं, कुशीवर वळलं की कळ यायची. स्वस्थ पडवेना, म्हणून तिला इंग्रजीत विचारलं, “सुईची इतकी भीती वाटते?”

“सुईची नाही,” ती म्हणाली. तिच्या आजीच्या लहानपणी तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. झोपेच्या आजाराची साथ आली. त्यात माणूस गुंगीत जाऊन मरतो. शिपायांनी अख्खं गाव रांगेत उभं केलं, धरून धरून कमरेत सुया खुपसल्या. मग जालीम औषध टोचलं, तेही भलत्याच प्रमाणात. “आजीचा आजार गेला, आणि डोळेही गेले. तिनं मला चाचपडत वाढवलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. “काय ठरलं?”

“आधी हिला विचारा. मला विचारलंत तसंच.”

त्या थबकल्या. बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. त्यांनी खुर्ची तिकडे वळवली, चित्र काढलं.

“डोळ्यांना काही होईल?” जोसेफिननं विचारलं.

“या सुईनं नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तरी उपचार थांबणार नाहीत. फक्त नेमकं कळणार नाही.”

तिनं चित्राचा कागद हातात घेऊन नीट पाहिला. शेवटी म्हणाली, “करा. पण आधी हिचं.”

झालं! माझं ‘नाही’ तिनं परस्पर निकालात काढलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर सांगते, कंबर दोनच दिवस दुखली. मनात येईल ते सगळं विचारा, आणि शेजारच्या खाटेला कुणी विचारलं का, तेही पाहा. आम्ही दोघी बऱ्या झालो.

घरी जायच्या दिवशी जोसेफिन फोनवर आईशी बोलताना मधेच रडू लागली. मी घाबरून विचारलं, काय झालं?

“काही नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “आईला सांगत होते, मला विचारलं.”